स्नायू फक्त ओढतो

प्रस्तावना

मानवी शरीरात हाडे हलवणारे सहाशेहून अधिक स्नायू आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून एकच काम येते : आखडून आपली दोन टोके एकमेकांजवळ ओढणे. ढकलणे कोणत्याही स्नायूला जमत नाही. आपण होऊन लांब होणेही जमत नाही. त्याला लांब करायचे तर दुसऱ्या स्नायूने, एखाद्या वजनाने किंवा गुरुत्वाकर्षणाने त्याला ताणावे लागते. तरीही आपण दार ढकलतो, चेंडू फेकतो, काठोकाठ भरलेला पेला थेंबही न सांडता खाली ठेवतो, धावतो, गातो. नुसत्या ओढण्यातून हे सगळे कसे साधते, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे आणि या पुस्तकाचाही.

शरीररचनेच्या वर्गात स्नायू शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे. स्नायूचे नाव, तो निघतो ते हाड, तो चिकटतो ते हाड, त्याला मिळणारा मज्जातंतू आणि शेवटी त्याची क्रिया, असा तक्ता फळ्यावर येतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात. तक्ता चुकीचा नाही. स्नायू कुठून कुठे जातो हेच ठाऊक नसेल, तर पुढचे काहीच उलगडत नाही. अडचण आहे ती शेवटच्या रकान्यात. ‘बायसेप्स : कोपर वाकवतो’ एवढे लिहून तो रकाना भरतो. मग शिकणाऱ्याची समजूत होते, की कोपर वाकताना बायसेप्स राबतो आणि कोपर सरळ होताना तो स्वस्थ असतो.

ही समजूत तपासून पाहायला शवविच्छेदनाचे टेबल लागत नाही. उजव्या हातात पाण्याने भरलेली मोठी बाटली घ्या, कोपर काटकोनात वाकवा आणि डाव्या हाताची बोटे दंडाच्या पुढच्या फुगवट्यावर ठेवा. आता बाटली अगदी सावकाश खाली न्या. कोपर सरळ होत आहे. तक्त्याप्रमाणे हे काम दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सचे. पण बोटांखाली टणक लागतो तो पुढचा बायसेप्सच. डावा हात मागे नेऊन चाचपला, तर ट्रायसेप्स सैल असतो. बाटली खाली न्यायला स्नायूची गरजच नाही, ते काम पृथ्वी करते. बायसेप्स ताणला जात असतानाही ओढ सोडत नाही, म्हणून बाटली आदळत नाही. आता हाती स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकडात स्क्रू आवळा. तळहात वरच्या बाजूला वळवणे हेही बायसेप्सचे काम, त्यामुळे तो पुन्हा टणक होतो. पण या वेळी ट्रायसेप्सही टणक झालेला आढळेल. बायसेप्स ओढू लागला की मनगटाच्या फिरण्याबरोबर कोपरही वाकणार. ते वाकू नये म्हणून ट्रायसेप्स मागून धरून ठेवतो. तोच दंड, तेच दोन स्नायू, आणि दोन प्रसंगांत त्यांचे नाते पार बदललेले.

स्नायूची क्रिया त्याच्या जागेवरून कायमची ठरत नाही, हे मला या पुस्तकातून सांगायचे आहे. कोणते टोक स्थिर आहे, वजन कुठल्या बाजूला पडते आहे, हालचाल झटक्याची आहे की सावकाश, सोबत आणखी कोण ओढते आहे, यांवर ती क्षणोक्षणी ठरते. ओढणे, आवरणे आणि धरून ठेवणे ही तिन्ही कामे तोच स्नायू करतो. आपल्या दिवसातला मोठा वाटा आवरण्यात आणि धरून ठेवण्यात जातो, पण व्यायामाची पुस्तके ओढण्याबद्दलच बोलत राहतात.

या ज्ञानाचा प्रवास दीर्घ आहे आणि तो सरळ रेषेत झालेला नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशींची, म्हणजे मांसल भागांची, संख्या पाचशे दिली आहे : हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेच्या वर ३४. देह पाहण्याची रीतही तिथेच सांगितली आहे. मृतदेह गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालायचा, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. या पद्धतीत सुरी नाही आणि मऊ पडलेल्या देहात बारीक स्नायू सुटे ओळखू येणे अवघड. त्यामुळे ५०० या आकड्याचा आजच्या मोजणीशी मेळ घालत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. शस्त्र चालवणाऱ्याने शास्त्र वाचावे आणि प्रत्यक्षही पाहावे, दोन्ही मिळून ज्ञान वाढते, हा त्या प्रकरणातला आग्रह मला फार मोठा वाटतो.

दुसऱ्या शतकात पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांवर उपचार करणारा वैद्य गॅलेन याने माकडे, डुकरे, बैल यांची चिरफाड करून स्नायूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्नायू स्वतःहून फक्त आखडतो आणि प्रत्येक हालचालीला विरुद्ध बाजूचा जोडीदार लागतो, हे त्याने ओळखले होते. ओरडणाऱ्या डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू कापला की डुक्कर जिवंत राहते पण त्याचा आवाज बंद होतो, हा त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. स्नायूला हुकूम मेंदूकडून येतो, याचा हा धडधडीत पुरावा होता. मात्र त्याचे शरीरवर्णन मुख्यतः प्राण्यांचे होते आणि पुढची हजारभर वर्षे ते माणसाचे म्हणून शिकवले गेले.

लिओनार्दो दा विंची याने १५१० च्या सुमारास खांद्याची चित्रे काढताना मांसल स्नायूंच्या जागी नुसते दोरे दाखवले, म्हणजे ओढीची दिशा एका नजरेत कळावी. हालचालीच्या दृष्टीने काढलेली इतकी नेमकी चित्रे त्याआधी मला कुठेच दिसत नाहीत. पण ती त्याच्या वह्यांतच राहिली. जगाने पाहिली ती अँड्रियास व्हेसेलियस याच्या ग्रंथातली चित्रे. पादुआला शिकवणाऱ्या या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाचा ग्रंथ १५४३ साली बासेलला छापला गेला. त्यात त्वचा उतरवलेली माणसे माळरानावर उभी आहेत आणि पानागणिक एकेक स्नायू सुटून खाली लोंबताना दिसतो. वर्णनात्मक शरीररचनेची परंपरा इथून पक्की झाली. आजचा तक्ता याच घराण्यातला.

दुसरे घराणे यांत्रिकांचे. गॅलेनच्या परंपरेत अशी समजूत होती, की मज्जातंतूंतून एक सूक्ष्म चैतन्यद्रव्य वाहत येते आणि त्याने स्नायू फुगतो. फुगतो म्हणून आखूड होतो. १६६० च्या दशकात हॉलंडच्या यान स्वामरडाम याने बेडकाचा स्नायू एका काचनळीत ठेवला, नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा थेंब अडकवला आणि मज्जातंतू खेचून स्नायू आखडवला. स्नायूत बाहेरून काही भरले जात असते, तर थेंब वर सरकायला हवा होता. तो सरकला नाही. स्नायू आकार बदलतो, आकारमान वाढवत नाही. शतकानुशतके चाललेली कल्पना एका थेंबाने मोडली, आणि तरी ती पुस्तकांतून जायला आणखी बराच काळ लागला.

त्याच सुमारास इटलीत जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली हा गणिती हाडांकडे तरफा म्हणून पाहत होता. प्राण्यांच्या हालचालीवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० आणि १६८१ मध्ये दोन भागांत निघाला. बोरेल्लीने दाखवलेली गोष्ट तेव्हाच्या विद्वानांना पटणे कठीण होते, कारण सर्वांचा समज होता की स्नायू थोड्या बळाने मोठे वजन उचलतात. प्रत्यक्षात उलटे आहे. कोपर हा टेकू धरा. बायसेप्स त्या टेकूपासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर चिकटतो आणि तळहात सुमारे ३५ सेंटीमीटरवर असतो. तळहातावर ५ किलो वजन ठेवले की हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले, तरी कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून ३५ किलोची ओढ द्यावी लागते. बळाच्या हिशेबात हा सातपट तोटा. मग शरीराची रचना अशी का? स्नायू १ सेंटीमीटर आखडला की तळहात ७ सेंटीमीटर सरकतो, हे त्याचे उत्तर. स्नायूजवळ ओढ भरपूर असते, आखडण्याची मुभा थोडी असते. शरीराने ओढ खर्चून अंतर आणि वेग मिळवला. दगड फेकणारा हात, बॅट फिरवणारा हात, तबल्यावर पडणारी बोटे, सगळी या सौद्यावर चालतात.

हा हिशेब खुब्याला लावला, की तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचा होतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. उजवा पाय टेकलेला आणि डावा उचललेला असताना शरीराचे सगळे वजन उजव्या खुब्याच्या डाव्या बाजूला पडते आणि कंबर डावीकडे कलंडू पाहते. तिला सावरतो तो उजव्या कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाचा ग्लुटियस मिडियस. पण तो खुब्याच्या सांध्याला अगदी लागून ओढतो, तर वजन त्याहून दोन-अडीच पट दूर पडते. म्हणून त्याला शरीराच्या वजनाहून कितीतरी अधिक ओढ द्यावी लागते. ही ओढ आणि वरचे वजन, दोन्ही त्याच सांध्यावर येतात आणि साध्या चालण्यातही खुब्यावर वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार पडतो. हा स्नायू दुबळा झाला की उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९५ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही डॉक्टर तपासतात. आता काठीचा प्रश्न. उजवा खुबा दुखत असेल तर बहुतेक माणसे काठी उजव्याच हातात धरतात. ती डाव्या हातात हवी. डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब टेकते, त्यामुळे तिच्यावर दिलेला थोडासा दाबही कंबर सावरायला मोठी मदत करतो आणि स्नायूचे काम हलके होते. उजव्या हातातल्या काठीला हा फायदा मिळत नाही. तिच्यावर भार घ्यायचा तर सगळे धड तिच्याकडे झुकवावे लागते. ज्या घरात खुब्याचे दुखणे आहे, तिथे ही एवढी गोष्ट जरी पोचली, तरी हे पुस्तक लिहिण्याचे श्रम कारणी लागले असे मी म्हणेन.

तिसरी वाट विजेची. लुइजी गाल्व्हानी याने १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि स्नायू विजेने आखडतो हे जगाला कळले. तिचा खरा उपयोग करून घेतला पॅरिसच्या गियोम द्युशेन याने. जिवंत माणसाच्या त्वचेवर विजेची टोके ठेवून त्याने एकेक स्नायू वेगळा आखडवला आणि काय हलते ते लिहून ठेवले. हालचालींवरचा त्याचा ग्रंथ १८६७ चा. मृतदेहावरून अंदाज बांधण्याचे दिवस त्याने संपवले, हे खरेच. पण कोणत्याही कामात एकच स्नायू आखडला असे होत नाही, हे द्युशेनच्याच लक्षात आले होते आणि त्याने ते स्पष्ट लिहिले. विसाव्या शतकात स्नायूतली स्वाभाविक वीज टिपणारी यंत्रे आली, म्हणजे आपण वीज द्यायची नाही, माणसाला चालू द्यायचे, उठू-बसू द्यायचे आणि कोण केव्हा कामाला लागतो ते ऐकायचे. तेव्हा तक्त्यातला शेवटचा रकाना अनेक ठिकाणी दुरुस्त करावा लागला.

स्नायूच्या आत नेमके काय आखडते, हे मात्र १९५४ पर्यंत गूढ होते. त्या वर्षी मे महिन्यात ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघा हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते आणि दोन्ही गट स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते. स्नायूतंतूत जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या धाग्यांची रांग असते. स्नायू आखडतो तेव्हा धागे स्वतः आखूड होत नाहीत. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधे सरकतात. जाड धाग्यातल्या मायोसिन प्रथिनाची असंख्य डोकी बारीक धाग्यातल्या ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पकडतात. रस्सीखेचीत गडी हात पुढे पुढे टाकत दोर ओढतात, तसे. असा एक घटक दोन-अडीच सहस्रांश मिलिमीटर लांबीचा. दहा सेंटीमीटरच्या तंतूत असे चाळीसेक हजार घटक एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटक नावापुरता आखडतो आणि त्यांची बेरीज होऊन हात वर येतो.

या यंत्रणेतली एक गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. मायोसिनचे डोके एकदा पकडले की सुटायलाही त्याला एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकड सुटत नाही आणि देह ताठरतो. म्हणजे जिवंत शरीरात स्नायू सैल होणे हीसुद्धा खर्चाची, केली जाणारी क्रिया आहे.

सैल होण्याचा हुकूम कुठून येतो, हा चौथ्या घराण्याचा प्रश्न. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल मिळाले ते मज्जासंस्थेवरच्या कामासाठी. एका स्नायूला आखडण्याचा संदेश जातो तेव्हा त्याच्या विरोधकाकडे जाणारा संदेश मज्जारज्जूतच दाबला जातो, हे त्यांनी दाखवले. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायूतंतू हा हालचालीचा लहानात लहान घटक, हेही त्यांच्याच परंपरेतले. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीकडे दहा-वीस तंतू असतात, पोटरीत हजारांवर. नजर केसभर हलवता येते आणि पोटरी केसभर हलवता येत नाही, ती यामुळे. मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात घण मारणाऱ्या सराईत कामगारांच्या हालचाली छायाचित्रांत टिपल्या. घण दर वेळी त्याच जागी पडे, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग दर घावाला थोडा निराळा असे. सराव म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे होय, हा त्यांचा निष्कर्ष. आज खेळ, नृत्य आणि पक्षाघातानंतरचे पुनर्वसन शिकवणाऱ्या सर्वांच्या कामाखाली तो पाया आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे, पण तो वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासले. पूर्ण उच्छ्वास सोडून हवा आत न घेता छाती फुलवली, की श्वासपटल वर खेचले जाते आणि पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. नौलीत पोटाच्या मधोमध उभ्या जाणाऱ्या दोन स्नायूंच्या पट्ट्या इतक्या वेगळ्या उठून दिसतात, की त्या काळी विच्छेदनगृहाबाहेर त्या दाखवण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता. योगक्रियांना मोजपट्टी लावण्याचे ते धाडस शंभर वर्षांनीही ताजे आहे.

तालमींनी यातले पुष्कळ शब्दांविना जाणले होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब हा तर स्नायूंच्या टोकांची अदलाबदल शिकवणारा उत्तम गुरू आहे. पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी एरवी वर केलेला हात धडाकडे ओढतो. हाताने खांब घट्ट धरला की हात स्थिर होतो आणि तोच स्नायू सगळे धड हाताकडे ओढून वर नेतो. आढी मारली की मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू, ज्यांच्याकडे एरवी कोणाचे लक्षही जात नाही, उलट्या लटकलेल्या देहाचा भार पेलतात. बैठकीतही हेच दिसते. खाली बसताना गुडघा वाकतो, पण राबतो तो गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायू. पाटावर सावकाश बसू न शकणाऱ्या आजींचे दुखणे बहुधा वाकण्याचे नसते, आवरण्याचे असते.

या आवरण्याचा अनुभव डोंगर भटकणाऱ्यांना चांगलाच आहे. राजगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात त्या गड उतरल्यामुळे. उतरणीला मांडीचा स्नायू ताणला जात असताना ओढ देतो, त्यात त्याच्या बारीक रचनेला इजा होते आणि ती भरून येताना दुखते. हे दुखणे लॅक्टिक ॲसिड साचल्याने होते, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. श्रम थांबल्यावर ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते.

एका रोगाने या शास्त्राला फार शिकवले, आणि किंमत मुलांनी मोजली. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या नेमक्या त्या चेतापेशी मारतो ज्या स्नायूंना हुकूम देतात. कोणत्या मुलाचा कोणता स्नायू किती गेला हे ठरवण्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाताने स्नायू तपासण्याची पद्धत बसवली. शून्य ते पाच अशी आजची मोजणी त्याच धारेतली. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओची साथ आली आणि तिच्यातून केईएम रुग्णालयात भारतातली पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. माझ्या पिढीने गावोगाव हात मांडीवर दाबत चालणारी माणसे पाहिली आहेत. त्यांचा मांडीचा पुढचा स्नायू गेलेला असतो. पायावर भार येताच गुडघा वाकून माणूस पडेल, म्हणून ते तळहाताने मांडी मागे रेटतात आणि गुडघा सरळ ठेवतात. एका स्नायूचे काम त्यांनी हाताकडे सोपवले. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ती माणसे आपल्यात आहेत, म्हातारी होत आहेत, आणि त्यांच्या खांद्या-मनगटांवर पडलेल्या जादा कामाची दखल आपल्या दवाखान्यांनी अधिक घ्यायला हवी.

आज हा विषय सर्वांपर्यंत जाण्याची निकड वेगळ्या कारणांनीही आहे. आपले आयुर्मान वाढले, बसून करायची कामे वाढली. वयाबरोबर स्नायू झडतात आणि एके दिवशी माणसाला जमिनीवरून उठता येत नाही. तोवर घरचे त्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. हे सोडून देणे मला मुळीच मान्य नाही. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजने देऊन मांड्यांचा व्यायाम करवला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा कामाला उत्तर देतो. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, त्यामुळे मधुमेहाने वेढलेल्या आपल्या समाजात मांडी आणि पाठ यांचा विचार पिळदार दिसण्यापुरता ठेवता येणार नाही. दुसरीकडे जिममध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावर एकेका स्नायूला ‘लक्ष्य’ करणारे सल्ले दिवसरात्र मिळतात. तरुण मुले ते मनापासून पाळतात, खांदे आणि कंबर दुखावून घेतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. समजून घ्यायला त्यांच्या भाषेत फारसे काही उपलब्ध नाही.

ती उणीव थोडी भरून काढावी, एवढी या पुस्तकाची धडपड आहे. म्हणून इथे स्नायू डोक्यापासून पायापर्यंत अवयववार घेतलेले नाहीत. उभे राहणे, चालणे, उठणे-बसणे, पकडणे, फेकणे, श्वास घेणे, चावणे, अशा कामांभोवती ते येतात, त्यामुळे एकच स्नायू तीन-चार ठिकाणी निरनिराळ्या भूमिकांत भेटेल. ही पुनरुक्ती जाणून केली आहे. हृदयाचा आणि आतड्यांच्या भिंतींचा स्नायू पुस्तकाबाहेर ठेवला आहे. त्यांची रीत निराळी आणि त्यांना हाड हलवायचे नसते. जिथे पोटरी, धोंडशीर, दंड, खुबा असे रोजचे शब्द नेमके आहेत तिथे तेच वापरले आहेत आणि शास्त्रीय नावे सोबत दिली आहेत, कारण डॉक्टरांच्या कागदावर वाचकाला तीच दिसणार.

तालमीतले वस्ताद, योग आणि नृत्य शिकवणारे, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, आणि आपला गुडघा का दुखतो हे समजून घेऊ इच्छिणारे कोणीही, हे सगळे वाचक लिहिताना डोळ्यांपुढे होते. दुखण्यावरचे उपचार इथे नाहीत. ते तपासणाऱ्या माणसाचे काम आहे. सर्वांचे शरीर पुस्तकातल्या चित्राबरहुकूम नसते, हेही सुरुवातीलाच सांगतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवले, की मनगटाच्या मधोमध एक दोरी उठते. ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची कंडरा. काही जणांच्या हाताला ती नसतेच, काहींच्या एकाच हाताला असते, आणि पकड कुठेही कमी पडत नाही. ज्यांना ती आहे त्यांची कंडरा काढून शल्यविशारद दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला वापरतात.

पुस्तकातल्या चित्रांमागे विच्छेदनगृहातले निरीक्षण आहे. ते ज्यांनी मरणोत्तर आपला देह वैद्यकीय शिक्षणाला दिला त्यांच्यामुळे शक्य झाले. देहदानाला आपल्याकडे १९४९ च्या शरीररचना अधिनियमाचा आधार आहे आणि महाराष्ट्रात अनेक वर्षे कार्यकर्ते त्यासाठी घरोघर जाऊन बोलत आले आहेत. त्या दात्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे ऋण या पुस्तकावर आहे.

वाचताना मधून मधून उठावे लागेल. बहुतेक प्रकरणांत चित्राआधी एक कृती दिली आहे आणि ती करून झाल्याशिवाय चित्राकडे वळू नये, अशी माझी विनंती आहे. बाह्या वर सारलेल्या असाव्यात, पाय अनवाणी असावेत. शक्यतो सोबत दुसरे कोणी घ्यावे, कारण आपल्याच पाठीवर आणि कुल्ह्यावर बोटे नीट पोचत नाहीत. पहिल्या प्रकरणासाठी हात नसलेली एक साधी खुर्ची लागेल, आणि ती भिंतीला टेकवून ठेवावी.